आवाज कधी येतो?

नव्या गाडीला एक आवाज असतो, जुन्या गाडीला अनेक. त्यातले बहुतेक अंगवळणी पडलेले असतात. मागच्या डाव्या दाराची करकर, दुसऱ्या गिअरमधली बारीक शीळ, खड्ड्यातून गेलं की डॅशबोर्डच्या पोटात काहीतरी सुटं फिरल्यासारखी खुळखुळ. शेजारी बसलेला माणूस दचकून विचारतो, ‘‘हा कसला आवाज?’’ आणि आपण अगदी प्रामाणिकपणे विचारतो, ‘‘कुठला?’’ पण याच निबर कानाला एखाद्या सकाळी त्या सगळ्या गोंगाटात एक अनोळखी आवाज सापडतो, आणि मग दिवसभर दुसरं काही ऐकू येत नाही.

माझ्या गाडीत अशी एक टिकटिक सुरू झाली. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून कोरडी, हलकी, अगदी तालातली टिकटिक. रेस दिली की ताल जलद, सोडली की संथ. थोडं अंतर कापलं की गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर.

आता हे दुसऱ्याला सांगायचं कसं? फोनवर रेकॉर्ड करून न्यावं, तर फोन भलताच हुशार निघतो. बारीक आवाज तो स्वतःच मोठा करतो, मोठा दाबतो, आणि इंजिनातल्या खोल ठोक्याला त्याच्या चिमुकल्या स्पीकरमध्ये जागाच नसते. ऐकवायला जावं तर सगळ्या गाड्या शिलाई मशीनसारख्या वाजतात. शेवटी उरते ती नक्कल. अमेरिकेत ‘कार टॉक’ नावाचा रेडिओ कार्यक्रम १९८७ ते २०१२ अशी पंचवीस वर्षं देशभर चालला. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ तो चालवत. दोघंही एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठाचे पदवीधर, पण रेडिओवर स्वतःला ‘टॅपेट ब्रदर्स’ म्हणवून घेणारे; टॅपेट म्हणजे इंजिनात व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, ढकलणारा छोटा भाग. एरवी चारचौघांत गंभीर वावरणारी माणसं त्यांना फोन करून तोंडाने खड्डर्र, टॉक-टॉक, ईईई असे आवाज काढून दाखवत. मला त्या माणसांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. मीही मेकॅनिकसमोर जिभेने टिकटिक करून दाखवली.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात पुसत म्हणाला, ‘‘कसा येतो ते राहू द्या. कधी येतो ते सांगा.’’

मग त्याने प्रश्नांची फैर झाडली. इंजिन थंड असताना की तापल्यावर? गाडी उभी असताना रेस दिली तर येतो का? चढावर वाढतो का? क्लच दाबल्यावर जातो की दाबल्यावरच येतो? यातला प्रत्येक प्रश्न अर्धं इंजिन बाद करत जातो. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस देऊन आवाज आला, तर चाकं, ब्रेक, अ‍ॅक्सल यांची सुटका झाली. क्लच दाबल्यावर आवाज थांबला, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर; दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. ‘कसा’ या प्रश्नाला माझं आणि तुमचं उत्तर वेगळं येईल, कारण मला जी टिकटिक वाटते ती तुम्हाला खटखट वाटू शकते. ‘कधी’ला तसं वाटणं-बिटणं नसतं.

‘कुठून येतो’ हा प्रश्न तर त्याहून फसवा. आवाजाची दिशा आपण ओळखतो ती दोन कानांपर्यंत तो पोचण्यातल्या फरकावरून, आणि हा फरक सेकंदाच्या एक सहस्रांशाहूनही कमी असतो. मोकळ्या हवेत एवढं पुरतं. पण पोलादातून आवाज हवेच्या जवळपास पंधरापट वेगाने धावतो. एका कोपऱ्यातला ठोका क्षणात सगळ्या धातूभर पसरतो, बॉनेटच्या पत्र्यावर आपटतो, आणि आपण रेडिएटरकडे बोट दाखवून मोकळे होतो.

म्हणून मेकॅनिक कानावर सोडत नाही, आवाजाला वाट करून देतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला. टोक बोटभर सरकलं तरी आत वेगळं जग ऐकू येतं. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेकने एका तरुण रुग्णाच्या छातीला थेट कान लावायला संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. गॅरेजमधला स्क्रू ड्रायव्हर त्याच घराण्यातला. काही जण तर खरोखरचा स्टेथोस्कोप वापरतात, फक्त चकतीच्या जागी धातूची सळई बसवलेला. हे घरी करून बघायला हरकत नाही, पण सैल बाही वर खोचून आणि फिरत्या बेल्टपासून चार हात लांब राहून.

माझी गाडी गॅरेजपर्यंत गेली तेव्हा अर्थातच गप्प होती. मेकॅनिकला पाहून आवाज पळतो अशी गाडीवाल्यांची जुनी तक्रार आहे. तिच्यात गाडीचा खट्याळपणा वगैरे काही नाही. गॅरेजपर्यंत पोचता पोचता इंजिन तापलेलं असतं, एवढंच. त्यामुळे गाडी रात्रभर तिथेच ठेवायची आणि सकाळी मेकॅनिकनेच ती पहिल्यांदा सुरू करायची, हा साधा उपाय. फार कमी लोक तो करतात. सगळ्यांना संध्याकाळी गाडी परत हवी असते.

दरम्यान मी तालाचं गणित शिकलो, आणि ते मला फार आवडलं. गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, मिनिटाला साधारण ८०० फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला तेराएक. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बरोबर निम्म्या वेगाने फिरतो, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांत एकदाच येते. त्यामुळे वरच्या मजल्यावर, म्हणजे टॅपेट किंवा व्हॉल्व्हमध्ये काही ढिलं असेल तर सेकंदाला सहा-सात ठोके पडतात. खाली कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगमध्ये ढिलेपणा आला असेल तर साधारणपणे त्याच्या दुप्पट. सहा-सातचा ताल दोन बोटांनी आलटूनपालटून टेबलावर जेमतेम धरता येतो. तेराचा धरायला जावं तर बोटं अडखळतात. बॉनेट उघडून मडगार्डवर बोटं वाजवत उभा राहिलेला माणूस बघणाऱ्याला कसा दिसत असेल कोण जाणे, पण माझी बोटं अडखळली नाहीत. म्हणजे वरचा मजला. म्हणजे टॅपेट. निदान तसं वाटलं तरी.

इथे खरी गंमत आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतून जळका वायू गोळा करणारी नळ्यांची जुडी, इंजिनाला जिथे टेकते तिथे बारीकशी फट पडली, तर तिथूनही वायूची फुसकी त्या सिलिंडरच्या प्रत्येक पाळीला, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच सुटते. ताल अगदी तोच, आणि वायू बारीक फटीतून एवढ्या दाबाने फुटतो की आवाजही धातूवर धातू आपटल्यासारखा कोरडा. ताल सारखा, आवाज सारखा, मग ओळखायचं कसं? पुन्हा तेच, कधी. हायड्रॉलिक टॅपेट तेलाने भरून निघतात. तेलाचा दाब आला की काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात त्यांची कुरबुर थांबते. मॅनिफोल्डची फट बुजते ती धातू तापून फुगल्यावर, आणि त्याला बराच जास्त वेळ लागतो. शिवाय गाडीवर भार आला, चढ लागला, तर टॅपेट तेवढाच वाजतो. फट मात्र चेकाळते, कारण आतला दाब वाढतो. माझी टिकटिक सकाळी चढावर जोरात यायची, हे मेकॅनिकच्या प्रश्नाला उत्तर देताना मी कधीच सांगून टाकलं होतं. मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं, त्याला कळलं होतं.

थंड असताना येऊन तापल्यावर जाणाऱ्या आवाजांना मी मनातल्या मनात ‘जाऊ दे’ असं नाव दिलं आहे. झिजलेला पिस्टनही तसाच. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून सकाळी सिलिंडरच्या भिंतींवर लडबडणारा पिस्टन तापला की शहाण्यासारखा बसतो. अपवाद टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचा. सुरू करताच काही क्षण येणारी तिची खडखड दिसामाशी लांबत गेली, तर दुर्लक्ष फार महागात पडतं. आणि मॅनिफोल्डच्या फटीकडेही कायमची पाठ फिरवता येत नाही, कारण तिथून सुटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वासही नसतो.

उलटे आवाज खरे धास्तीचे. सकाळी सगळं गोड आणि इंजिन तापल्यावर खालून खोल, जाड ठकठक. रॉडच्या बेअरिंगमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची जागा तेलाच्या पडद्याने भरलेली असते. ती वाढली आणि तेल तापून पातळ झालं की पडदा फाटतो, धातू धातूला भिडतो. बेल्ट किंचाळतो तेव्हा सगळा रस्ता वळून बघतो. रॉड ठोकतो तेव्हा गाणी लावली असतील तर मालकालाही कळत नाही. किंचाळणाऱ्या बेल्टवर तर नुसतं पाणी मारून पाहतात. आवाज क्षणभर थांबला तर पुली वाकड्या, वाढला तर बेल्ट ढिला.

चढावर येणारी ती बारीक धातूची किणकिण, जिला सगळे नॉकिंग म्हणतात, ती मात्र वेगळ्याच जातीची. तिथे काहीच ढिलं नसतं. पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटतं आणि सिलिंडर घंटेगत घुमतो, साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झच्या सुरात. हा आवाज बंद करायला डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग मिसळलं. आवाज बंद झाला आणि जगभरच्या हवेत शिसं आलं. रस्त्यावरच्या गाड्यांचं शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जाहीर केलं ते २०२१ मध्ये, शंभर वर्षांनी. एका आवाजाला गप्प करण्यासाठी एवढी किंमत दुसऱ्या कुणी मोजल्याचं मला माहीत नाही. आता बहुतेक पेट्रोल इंजिनांच्या अंगाला नॉक सेन्सर नावाचा एक कान चिकटवलेला असतो. त्याला तेवढीच एक किणकिण ऐकू येते. ती आली की ठिणगी जराशी उशिरा पाडली जाते. बाकी इंजिन बोंबलत असलं तरी तो ठार बहिरा.

तर गाडी रात्रभर गॅरेजमध्ये राहिली. सकाळी मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि हातभर रबरी नळीचा तुकडा घेतला. एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवत नेलं. शेवटच्या सिलिंडरपाशी थांबला. नळी मला दिली. फुस, फुस, फुस. बॅटरीच्या उजेडात तिथे काजळीचा काळा फराटा दिसत होता. टोकाचा स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड इंजिनाला आवळून धरणारा बोल्ट, तुटला होता. मॅनिफोल्ड इंजिनापेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि लांबीत फुगतो, थंड झाला की आकसतो. वर्षानुवर्षांची ही ओढाताण सगळ्यात जास्त सोसतात ते टोकाचे स्टड. निदानाला दहा मिनिटं लागली, आत मोडलेला गंजका तुकडा बाहेर काढायला अख्खा दिवस. तो भाग मी बघितला नाही, नुसता ऐकला, मेकॅनिकच्या तोंडून, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

टिकटिक गेली. दोन दिवस गाडी इतकी शांत वाटली की मी उगाचच लांबच्या रस्त्याने फिरलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, त्या टिकटिकीच्या आड एक बारीक सूर इतके दिवस दबून होता. थंड असतानाही आहे, तापल्यावरही आहे. उभ्या गाडीतही आहे. रेस दिली की चढतो. हेडलाइट लावले, पंखा फुल्ल केला, मागची काच तापवायचं बटण दाबलं, तर सूर जाड झाला. सगळं बंद केलं, पुन्हा बारीक. म्हणजे अल्टरनेटर, गाडीची वीज तयार करणारं यंत्र. विजेच्या भाराबरोबर बदलतो म्हटल्यावर बेअरिंगपेक्षा आतल्या डायोडवर माझा संशय जास्त आहे. मेकॅनिकला फोन केला तेव्हा मी नक्कल केली नाही.