टाकीवर चिकटलेला कागद

1970 च्या शेव्हरोले शेव्हेल गाडीचा वांधा असा की चासी नंबरवरून ती खरी एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, दमदार इंजिनाची आवृत्ती, आहे की नाही हे कळतच नाही. 136 ने सुरू होणारा नंबर म्हणजे आठ सिलिंडरच्या व्ही-8 इंजिनाची मालिबू, शेव्हेलचंच एक मॉडेल, बास. एसएस त्या वर्षी वेगळं मॉडेल नव्हतंच, मालिबूवर जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं. त्यामुळे साध्या मालिबूला बॅज आणि पट्टे लावून एसएस म्हणून खपवलेल्या गाड्या अमेरिकेत ढिगाने आहेत आणि खरी आली तरी लोकांना आधी संशयच येतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, पाना धरायला उद्यमनगरात शिकलो, आता अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जुन्या गाड्या मूळसारख्या करून देणाऱ्या एका लहान रिस्टोरेशन शॉपमध्ये आहे. आमच्याकडे एका आजींची अशी शेव्हेल आली. आजोबा गेलेले, गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये पडून, आता घरच विकायचं होतं. एक दलाल येऊन सांगून गेला होता की ही नकली आहे, भंगारापेक्षा थोडे जास्त देतो. आजी मात्र ठाम, "आम्ही दोघांनी शोरूममधून घेतलीय, काय घेतलं ते मला माहितीय." कागदपत्रं तळघरात पाणी शिरलं तेव्हाच गेली होती.

गाडी बघवत नव्हती हो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने खालचा पत्रा खाल्लेला, वर व्हिनाइलचं छप्पर, त्याखाली पाणी मुरून मागच्या काचेच्या कडेचा पत्रा बोटाने तुटत होता, मागच्या चाकांवरच्या पॅनलला लोहचुंबक चिकटेना म्हणजे आत नुसती पुट्टी. इंजिनही मूळचं नाही, कारण इंजिनाच्या ब्लॉकवर पॅसेंजर बाजूच्या सिलिंडर हेडसमोर जी सपाट जागा असते तिथे ठोकलेला नंबर गाडीशी जुळेना. शॉपमध्ये सगळे म्हणायला लागले की दलाल बरोबर होता. पण मागचा अ‍ॅक्सल 12 बोल्टचा, डॅशवर गोल मीटर, या एसएसच्या खुणा, आणि मला तरी आजींचा शब्द खोटा वाटत नव्हता.

कारखान्यात गाडी जोडताना सोबत एक बिल्ड शीट फिरायची, कुठलं इंजिन, कुठला गिअर, सगळे कोड त्यावर. काम झालं की कामगार ती कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये, कधी पेट्रोल टाकीवर तशीच सोडून द्यायचे. मागची सीट उचकटली तर उंदरांचं घरटं आणि कागदाचा भुगा. मग गाडी लिफ्टवर घेतली. टाकीच्या दोन्ही पट्ट्यांचे बोल्ट गंजून धरलेले, रात्रभर तेल सोडून ठेवलं आणि सकाळी टाकी हळूहळू खाली घेतली. वरच्या अंगाला एक तपकिरी कागद चिकटलेला! हात लावायची छाती होईना. डिस्टिल्ड वॉटरचा बारीक फवारा मारत प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवला, त्यातच अर्धा दिवस गेला. एक कोपरा उंदरांनी खाल्लेला, पण चासी नंबर आपल्याच गाडीचा, आणि एका चौकोनात झेड-25. झेड-25 म्हणजे एसएस 396 पॅकेजचा कोड, जिचं इंजिन 1970 मध्ये खरं तर 402 क्युबिक इंचाचं होतं पण नाव 396 च ठेवलं होतं.

आजींना लगेच फोन लावला. "मी म्हटलं होतं ना," म्हणाल्या, आणि मग त्या गाडीतून दोघं कुठे कुठे फिरले ते सांगत बसल्या. कामं पडली होती, तरी फोन ठेवावासा वाटला नाही.

पत्रा, रंग, वायरिंग यात बरेच महिने गेले. विकताना एक गिऱ्हाईक म्हणालं, त्या काळातला ब्लॉक आणा, त्याचा नंबर घासून या गाडीचा ठोका, किंमत कुठच्या कुठे जाईल. बाजारात हे चालतं. आम्ही सरळ नाही म्हटलं. गाडी खरी आहे हे कागदाने दाखवलंय, मग इंजिनाबद्दल खोटं बोलून त्या कागदावरच संशय कशाला ओढवायचा? जाहिरातीत स्वच्छ लिहिलं, इंजिन बदललेलं, मागचे पॅनल आणि फ्लोअर नवे.

ओहायोचा एकजण आला, गाडीखाली झोपून सगळं तपासलं, कागद भिंग लावून वाचला आणि फारशी घासाघीस न करता घेतली. आमचं बिल वजा करूनही आजींना दलालाच्या आकड्याच्या कितीतरी पट मिळाले. परवा त्याचा फोन आला, थंडीत सकाळी गाडी चालू होताच बंद पडते म्हणून. चोक लवकर उघडत होता, फोनवरच सेटिंग सांगितलं.