हायडेलबर्गची लॅब आणि 'जरा सणकीच आहे' म्हणून सोडून दिलेली माणसं

शास्त्रज्ञ म्हटला की थोडा विक्षिप्त असायचाच, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. इथे जर्मनीत हायडेलबर्गला पीएचडीला येऊन चौथं वर्ष चालू आहे आणि आता कुणी असं बोललं की मला मनापासून राग येतो. का ते सांगते.

आमच्या लॅबमधे एक मुलगा आहे. नाव नाही लिहीत, देशही नाही, पण त्याला विचारूनच लिहितेय. त्याची एक ठरलेली पिपेट (थेंबथेंब द्रव मोजून घ्यायचं साधन), निळी टेप लावलेली, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सकाळी आला की आधी लॅबमधे वाढवलेल्या पेशींना गुड मॉर्निंग. यात काही वावगं नाही, लॅबमधे प्रत्येकाचं असं काहीतरी असतं, मी स्वतः जेल (त्यातून वीज सोडून डीएनए-प्रोटीनचे तुकडे वेगळे करतात) लावली की मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय पॉवर चालू करत नाही.

पण मग तो इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं, दार नीट लागलंय का ते परत परत बघायला लागला. आधी दोनदा, मग दहादा. पेशींना मायकोप्लाझ्मा लागेल ही धास्ती (हा इतका बारीक जंतू की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही आणि एकदा शिरला की कित्येक महिन्यांचं काम पाण्यात). रात्री दोन वाजता घरून सायकल मारत यायचा, फक्त दार बघायला. काम करताना मधे कुणी बोललं की सगळ्या ट्यूब्ज फेकायच्या आणि डायल्यूशन पहिल्यापासून. आणि आम्ही सगळे काय म्हणत होतो, तर किती काटेकोर आहे बघा! ग्रुप मीटिंगमधे बॉसनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं, काम असं पाहिजे म्हणून. आजारालाच शाबासकी मिळत होती.

मला शंका आली ती त्याचे हात बघून. किचनमधे समोरासमोर डबा खात होतो, आणि त्याच्या बोटांच्या पेरांवर थंडीत टाचांना पडतात तशा भेगा, एका भेगेत रक्त सुकलेलं. लॅबमधे आम्ही सगळं ७० टक्के इथेनॉलने पुसतो, तो तेच हातांवर मारत होता, ग्लोव्हज घालायच्या आधी, काढल्यावर, आणि मधे केव्हाही. मी विचारलं, हाताला काय झालं रे? म्हणाला काही नाही, ड्राय स्किन. आणि मी तिथेच सोडून दिलं. पुढचे दोन महिने सोडून दिलं. ते मला अजून टोचतं.

आपल्यापैकी ज्यांनी बीएस्सीला केमिस्ट्री घेतली त्यांना व्हिक्टर मेयरची पद्धत आठवत असेल, वाफेची घनता मोजून रेणुभार काढायचा ती. तो मेयर इथलाच. १८८९ मधे बुन्सेनच्या (बर्नरवाला तोच) जागी हायडेलबर्गला प्रोफेसर म्हणून आला. थायोफीन हे गंधकाचं संयुग त्यानेच शोधलं. अतोनात काम, अंगात सतत दुखणं, झोप नाही, आणि ऑगस्ट १८९७ मधे वयाच्या ४८ व्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आम्ही त्याची आकृती परीक्षेत पाच मार्कांसाठी काढली, पण या माणसाचं पुढे काय झालं हे मला इथे आल्यावर कळलं. मेन रोडवर बुन्सेनचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून जाताना मला हटकून मेयरच आठवतो.

आणि वोल्फगांग पाउली, क्वांटम फिजिक्समधला मोठा शास्त्रज्ञ! तो नुसता आत येऊन उभा राहिला तरी उपकरणं बिघडतात अशी त्याची ख्याती, हॅम्बर्गला ओटो श्टर्न या फिजिक्सवाल्याने म्हणे त्याला आपल्या लॅबमधे यायची बंदीच घातली होती. हा किस्सा फिजिक्सवाले हसत हसत सांगतात. पण १९२७ मधे त्याच्या आईने आत्महत्या केली, १९३० च्या नोव्हेंबरमधे घटस्फोट झाला, दारू वाढली, हे त्या किश्शात कधीच येत नाही. घटस्फोटानंतर आठवड्याभरात त्याने ते प्रसिद्ध पत्र लिहिलं ज्यात न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाची कल्पना पहिल्यांदा मांडलीये. म्हणजे माणूस आतून मोडलेला असताना बाहेरून काम उत्तम चालू राहू शकतं, म्हणून कामाकडे बघून माणूस बरा आहे असं धरून चालू नका. पाउली पुढे झुरिकला युंग या मनोविकारतज्ज्ञाकडे गेला, युंगने त्याला आधी आपल्या एका नवख्या शिष्येकडे पाठवलं, आणि तो गेला. एवढा मोठा माणूस गेला.

२०१८ मधे पीएचडी आणि मास्टर्सच्या २२७९ विद्यार्थ्यांचा एक सर्व्हे आला होता, त्यात ४१ टक्क्यांना मध्यम ते तीव्र अँक्झायटी आणि ३९ टक्क्यांना तसंच डिप्रेशन निघालं. मला आकडा वाचून धक्का नाही बसला. इथे पीएचडीला बहुतेकदा अर्ध्या किंवा ६५ टक्के पोस्टचा पगार आणि दिवस मात्र पूर्ण, काँट्रॅक्ट बऱ्याचदा वर्षा-दोन वर्षांचं, आपल्यासारख्यांचा व्हिसा त्याच काँट्रॅक्टला बांधलेला, आणि वर प्रयोग सात-सात महिने चालत नाही. अशात रविवारी लॅबमधे बसलेल्या मुलाला कोण विचारणार की बाबा तू ठीक आहेस का.

शेवटी मीच त्याला म्हटलं, चल, हाताच्या निमित्ताने डॉक्टरकडे जाऊ. इथे आधी हाउसआर्त्स्ट, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारखे. त्या बाईंनी हात बघितले आणि सरळ विचारलं, दिवसातून किती वेळा? तो रडायलाच लागला. ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी तीच कृती परत परत करायला लावणारा आजार. थेरपीचा खर्च सरकारी विमा देतो पण नंबर लागायला पाच महिने गेले, हे मात्र फार वाईट आहे. आजारपणाची रजा मिळाली, पहिले सहा आठवडे पूर्ण पगार आणि नंतर विम्याकडून थोडा कमी, आणि परत येताना आधी रोज दोन तास, मग चार, असं हळूहळू. याला इथे हॅम्बर्ग मॉडेल म्हणतात. आपल्याकडे हे यायला हवं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं टेन्शन घेतलं असेल पोराने, चार दिवस घरी जाऊन ये म्हणावं. तिचं चुकत नाही, आपल्याकडे दोनच कप्पे, एक टेन्शन आणि दुसरं वेड, मधलं काही नाहीच. पुण्या-मुंबईच्या लॅबमधे कुणी हे वाचत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर जवळ ठेवा, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता रविवारी पेशींना मीडिया, म्हणजे त्यांचं खाणं, घालायला आम्ही दोघं जातो. थेरपीत त्याला दिलेलं काम असं, की दार एकदा लावायचं आणि परत न बघता निघायचं. मी मदत म्हणूनसुद्धा 'लागलंय रे' म्हणायचं नाही, ही ताकीद मलाही आहे. परवा त्याने दार लावलं, हात जॅकेटच्या खिशात घातले, कॉरिडॉरमधे एकदा थांबला, मीही थांबले, काही बोलले नाही. मग आम्ही ट्रामकडे गेलो.