पाणी कुठून आणता?

पाहुणा कोल्हापूर-सांगलीकडचा असला, की परसात डोकावल्यावर विचारतोच, "सांगोल्यात एवढी फळझाडं? पाणी कुठून आणता हो?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाणी कुठूनच आणत नाही. उन्हाळ्यात पाणी मागणारी झाडं आम्ही लावलीच नाहीत. (एक अपवाद आहे, तो पुढे येईल.) आमच्याकडे वर्षाला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात, म्हणजे पाऊस परत जाता जाता. एप्रिल-मेमध्ये बोअर नुसतं फुसफुसतं. तेव्हा झाड निवडताना मी एकच बघते, मे महिन्यात त्याच्या अंगावर काय असतं? आंब्यावर नेमकं तेव्हा फळ पोसत असतं. केळी, पपई, चिकूला तर बारमाही ओल हवी.

सीताफळाचं तसं नाही. ते पानं गाळून उन्हाळाभर खराट्यासारखं उभं राहतं. वळवाच्या पावसाने पालवी फुटते, पाठोपाठ फुलं येतात आणि दसरा-दिवाळीला फळ. बोराचं फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून एप्रिलमध्ये ते बेलाशक छाटायचं. फुलं पावसाळ्यात, बोरं संक्रांतीच्या सुगडात. आवळ्याची गंमत वेगळीच. त्याला फूल येतं उन्हाळ्याच्या तोंडावर, पण गर्भ तसाच झोपून राहतो आणि पावसाळा लागल्यावर वाढायला लागतो. या मंडळींना उन्हाळ्यात पाणी पाजत बसलं, तर त्यांची झोपमोड होते.

"सांगोला म्हणजे डाळिंब, मग ते कसं नाही?" हाही प्रश्न ठरलेला. बागायतदाराची गोष्ट वेगळी. पण तेल्या आणि मर या डाळिंबाच्या रोगांपायी सतत फवारण्या कराव्या लागतात, आणि जिथे पोरं फिरतात, कपडे वाळतात तिथे ते विष मला नको. भगवा डाळिंब बाजारात ढिगाने मिळतो, तो आणून खावा.

बोर लावायचं तर नर्सरीतून पिशवीतलं रोप आणू नका. पिशवीत सोटमूळ गुंडाळलं जातं. गावठी बोराची बी जागेवरच टोकायची, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर उमराण या जातीच्या बोराचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं. मूळ मुरमात सरळ खाली जातं आणि मग झाड तुमच्याकडे फारसं काही मागत नाही.

सीताफळाला मात्र थोडी हातसफाई लागते. त्याचं फूल आधी मादी असतं आणि मग नर. पाकळ्या जेमतेम फाकलेल्या असतात तेव्हा आतला स्त्रीकेसरांचा पुंजका ओलसर, चिकट असतो. पाकळ्या पुरत्या उघडून पराग सुटतो, तोवर हा पुंजका वाळलेला असतो. कोरड्या हवेत तर तो आणखी लवकर वाळतो, म्हणून जूनमधली बरीच फुलं नुसती गळतात. पराग इकडून तिकडे नेणारे बारीक भुंगेरे असतात, पण मी त्यांच्यावर विसंबत नाही. पूर्ण उघडलेल्या फुलांचा पराग बशीत झटकायचा आणि ऊन तापायच्या आत, नातवाच्या रंगपेटीतल्या बारीक ब्रशने, अर्धवट उघडलेल्या फुलांत फिरवायचा. फळावरचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर. ज्याला पराग लागला तोच फुगतो. बाजारात एका बाजूने दबलेलं सीताफळ दिसलं, तर त्याचं एक कारण हे.

आता पाणी. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबाने २५ हजार लिटरच्या वर. एवढ्याला टाकी कुठून आणायची? पन्हाळीचं पाणी झाडांच्या वरच्या अंगाला काढलेल्या चरात सोडलं आहे. ते जमिनीत मुरतं आणि सप्टेंबरातली ओल बोराला थंडीभर पुरते. आळं खोडाशी नको, सावलीच्या कडेला हवं, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात. वर तुरीचं काड किंवा पाचट पसरायचं, खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. नव्या रोपांना पहिले दोन उन्हाळे शेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं, पाण्याने भरलेलं साधं भाजक्या मातीचं मडकं पुरतं. झाकण मात्र हवंच, डासांसाठी.

राहिला अपवाद. "आंब्याशिवाय दार कसलं!" असं म्हणून सासूबाईंनी एक केशर लावून घेतला आहे. उन्हाळ्यात भाज्या-तांदूळ धुतलेलं सगळं पाणी तो एकटा पितो. आरओचं टाकाऊ पाणी मात्र त्याला घालू देत नाही, क्षारांनी आंब्याच्या पानांची टोकं करपतात. ते जातं बोराला. बोर क्षारांना आंब्याइतकं नाजूक नाही, आणि पावसाळ्यात चरातून येणारं पाणी उरलेले क्षार खाली धुऊन नेतं.