ब्रोशरमधले 332 किलोमीटर

आज दिवसभर इलेक्ट्रिक गाड्यांच्या किमती ताडून पाहिल्या आणि राग आला. 2024 मध्ये एमजी विंडसर 9.99 लाखांत आली, पण त्यात बॅटरी नव्हती. तिचं भाडं तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये होतं. महिन्याला 1500 किमी धावली की 5,250 रुपये, चार्जिंग वेगळं.

रेंजचं, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती धावते याचं, गणित त्याहून फसवं. बॅटरी 38 युनिटची (kWh), दावा 332 किमीचा, तोही ठरावीक पद्धतीच्या चाचणीतला, रस्त्यावरचा नाही. हायवेला एसी लावून 100 च्या वेगाने अशी गाडी शंभर किमीला साधारण 16 युनिट खाते. 80 टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं आणि 10 च्या खाली जाण्यात धोका. म्हणजे दोन चार्जरच्या मधे वापरायला मिळतात 26.6 युनिट, जेमतेम 165 किमी. खंडाळ्याचा चढ लागला की आणखी कमी. हा आकडा ब्रोशरवर का छापत नाहीत?

गाडीवर जीएसटी 5 टक्के, सार्वजनिक चार्जिंगवर मात्र 18. सोसायटीत चार्जर बसवू न शकणाऱ्यांचं यात मरण आहे.

टेस्ट ड्राइव्ह घ्याल तेव्हा ट्रिप मीटर शून्य करा, हायवेवर वीसेक किमी चालवा आणि शंभर किमीला किती युनिट जातात ते स्क्रीनवर वाचा.