नळाच्या पाइपाचं म्यान

चपलांच्या दुकानात चाकू घेऊन येणारं गिऱ्हाईक विरळाच. कोल्हापुरात सुभाषनगरला आमचं चामड्याचं काम चालतं. चपला, कमरपट्टे, कधीमधी एखाद्या हौशी माणसाच्या जुन्या तलवारीच्या म्यानावर नवं चामडं चढवणं, एवढंच. ऐन पावसाळ्यात एक पोरगा आला. दऱ्याखोऱ्यांत अडकलेली माणसं दोरावरून काढणाऱ्या पथकात काम करतो म्हणाला. चाकू पुढ्यात ठेवला. "मामा, ह्याचं कव्हर ढिलं झालंय, जरा घट्ट करून द्या."

ढिलं म्हणजे किती, असं विचारलं, तर त्यानं म्यान उलटं धरून मनगटाला एक हिसका दिला. चाकू फरशीवर. तेही बटणाचा पट्टा लावलेला असताना.

आधी हा चाकू कशाला लागतो ते त्यानं सांगितलं. धबधब्यातून दोरावर उतरताना केस नाहीतर शर्टाचं टोक उतरायच्या कडीत ओढलं जातं, माणूस तिथंच लटकतो, आणि वरून पाणी डोक्यावर कोसळतच असतं. तेव्हा अडकलेलं कापून सुटायचं. पण ते कापताना धार दोराला लागता कामा नये. ढिल्या दोरावर चाकू घासत बसावं लागतं. वजनानं ताणलेल्या दोराला धार नुसती टेकली तरी तो तुटत जातो. सरावात हा गडी डोकं खाली, पाय वर असा झाला आणि चाकू निसटला. मुठीला दोरी बांधलेली होती म्हणून दरीत गेला नाही. पण उघडं पातं मांडीशी लोंबकळत, अंगाचा भार पेलणाऱ्या दोराच्या शेजारी झुलत राहिलं. "खाली कुणी नव्हतं मामा, तो पडला असता तर बरं झालं असतं," म्हणाला.

म्यान हातात घेऊन बघितलं. क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं, पर्सला उत्तम. त्याला आकार दिला तरी ते धरून ठेवत नाही. काढून-घालून तोंड फाकलेलं. पट्टा मुठीच्या मधोमध, म्हणजे नेमकी मूठ जिथं बारीक होते तिथं. वर सरकायला त्याला भरपूर जागा. नुसत्या पट्ट्यावर भिस्त असलेलं म्यान मला मुळातच पटत नाही. पकड तोंडाशी हवी. मूठ संपून पातं सुरू होतं तिथं जो उंचवटा असतो, त्याच्यावर म्यानाचं तोंड आवळून बसलं पाहिजे. मग पट्टा असला काय, नसला काय. आणि ह्याला चाकू छातीच्या पट्ट्यावर, मूठ खाली करून लावायचा होता. तसा लावला की चाकूचं वजन त्याला सारखं बाहेरच ओढणार.

शेतकऱ्याचा चाकू असता तर तासाभरात कामाला लागलो असतो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं जाड चामडं घ्यायचं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाण्यात बुडवायचं, चाकूला पातळ प्लास्टिक गुंडाळून त्याच्यावर दाबून बसवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. घाईनं उन्हात ठेवलं की आकसून कडक होतं, चिराही पडतात. वाळलं की चाकूचा आकार त्याच्यात बसलेला असतो. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये एक पट्टी घालावी लागते, नाहीतर पातं टाकेच कापतं. आणि पट्टी जास्त जाड झाली तर चाकू आत खुळखुळतो. सगळी कला त्या पट्टीत आहे, असं आमचे वडील म्हणायचे.

पण हा दिवसदिवस धबधब्यात उभा राहणार. पाण्यानं दिलेला आकार पाणीच परत काढून घेतं. मेण चोपडलं तरी तेवढ्यापुरतंच. शिवाय ओलं चामडं पात्याला चिकटून राहिलं की गंज चढतो. मी म्हटलं, "बाळा, हे चामड्याचं काम नव्हे." माझा मुलगा मागून पुटपुटला, "घालवा, गिऱ्हाईक घालवा."

दुकानामागं न्हाणीघराचं काम चालू होतं. पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडले होते. हा पाइप साधारण ऐंशी अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतो, हे प्लंबर लोकांना चांगलं ठाऊक असतं. एक तुकडा उभा चिरला, हॉट एअर गननं तापवून सपाट केला. हे काम अंगणात, वारं असेल तिथंच करायचं. जास्त तापून करपला तर त्यातून आम्लाचा धूर निघतो, तो नाकातोंडात गेलेला बरा नव्हे. परत तापवून पट्टी चाकूभोवती दुमडली आणि जाड फोम लावलेल्या दोन फळ्यांमध्ये दाबून धरली. फळ्यांवर मुलाला बसवलं. तेवढं तरी काम करू दे.

गार झाल्यावर चाकू आत सारला तर टक्‌कन बसला. उलटा करून झटकला, हलला नाही. पोरगा खूश. मी नव्हतो. उपसायला त्याला इतका जोर लागला की चाकू सुटला तेव्हा हात फूटभर पुढं गेला. अशा झटक्यानं धार जाईल कुठं? दोरावरच. म्यानातून न पडणं हे अर्धं काम, बेतानं सुटणं हे उरलेलं अर्धं.

तोंड हलकं तापवून किंचित सैल केलं. मुठीच्या बाजूला एक काठ जरा बाहेर वळवला. आता मूठ धरायची, अंगठा त्या काठावर ठेवायचा आणि रेटायचं. पकड आधी सुटते, मग चाकू ओढायचा. हाताला झटका बसत नाही. कडेला दोन भोकं पाडून नटबोल्ट घातले, मध्ये सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. बोल्ट पिळला की तोंड आवळतं, सोडला की सैल. तळाला पाणी निघून जायला भोक. मग हातमोजे घालून, बादलीत बुडवून, मुठीला चिखल फासून त्याच्याकडून चाकू काढून-घालून घेतला. शेवटी तो दुकानाच्या तुळईला दोर बांधून स्वतःच उलटा लटकला आणि गदागदा हलला. शेजारचे दुकानदार येऊन बघत उभे राहिले.

जाताना एकच बजावलं. म्यान उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेमागं ठेवायचं नाही. पाइप तापला की त्याला परत गोल व्हावंसं वाटतं, आणि पकड कधी गेली ते कळत नाही. दर वेळी दोरावर जायच्या आधी चाकू घालून, उलटा धरून, झटकून बघायचा.

पुढं त्याचा फोन आला. पथकातल्या बाकीच्यांनाही तसंच हवं होतं. चाकू सगळ्यांचे एकाच कंपनीचे आहेत, याच मापानं बनवून ठेवा म्हणाला. मी नाही म्हटलं. कुणी मुठीला टेप गुंडाळलेली असते, कुणाचं पातं घासून घासून बारीक झालेलं असतं. ज्यानं त्यानं आपला चाकू घेऊन यावं.