कोलकाता: एका मैलाच्या आतले जग

कोलकाता म्हटले की आपल्यासमोर रवींद्रनाथ, दुर्गापूजा आणि रसगुल्ला येतात. तरीही पहिल्यांदा तिथे जाणाऱ्या मराठी माणसाने सुरुवात बडाबाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण हे शहर कोणाकोणाचे आहे, ते तिथे पायी हिंडतानाच कळते.

नागपूरहून आलेली गाडी सोडून मी 1943 साली खुला झालेला हावडा पूल चालतच ओलांडला. नट-बोल्टांशिवाय, केवळ रिव्हेटांनी जोडलेले ते अजस्र पोलाद वर, गढूळ हुगळी खाली आणि शेजारून भलीमोठी गाठोडी डोक्यावर घेऊन झपझप जाणारे हमाल. पलीकडे मलिक घाटाच्या फुलबाजारात झेंडूच्या माळांचे ढीगच्या ढीग पडलेले होते.

तिथून थोड्याच अंतरावर, ठोक बाजाराच्या गर्दीत दडलेले आर्मेनियन चर्च 1724 मधले आहे. त्याच्या अंगणात फरशीच मुळी थडग्यांच्या शिळांची असून त्यांवर आर्मेनियन लिपीतील लेख कोरलेले आहेत. जवळच पोर्तुगीजांचे 1799 मधले चर्च आणि 1884 साली बांधलेले मागेन डेव्हिड हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. या लाल विटांच्या इमारतीला उंच मनोरा असल्याने लांबून ती चर्चसारखीच भासते. आत मात्र काळ्या-पांढऱ्या फरशीवर रंगीत काचांतून उतरलेला उजेड पसरलेला असतो. बगदादहून आलेल्या ज्यूंची इथली वस्ती आता अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे, आणि ही वास्तू झाडून-पुसून राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कुटुंबे करत आली आहेत. कच्छी मेमन समाजाने उभारलेली, अकबराच्या सिकंदऱ्यातील कबरीच्या धर्तीवरची नाखुदा मशीदही इथून दूर नाही. मला या शहरातले सर्वांत मोलाचे वाटले ते हेच, की एखादा समाज पांगला तरी त्याची जागा इतरांनी सांभाळली आहे.

टिरेटा बाजारातली चिनी न्याहारी मात्र भल्या सकाळीच गाठावी लागते. उन्हे वर आली की मोमो, पाव आणि माशांच्या गोळ्यांचे सूप विकणारे आवराआवर करू लागतात. 1962 च्या भारत-चीन युद्धानंतर इथल्या चिनी समाजातील अनेकांनी शहर सोडले, तरी ही न्याहारी टिकून आहे.

इतक्या परक्यांना जवळ करणाऱ्या या शहराने ज्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला, ते आपणच होतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा 1742 मध्ये कोलकात्याभोवती 'मराठा डिच' खणण्यास सुरुवात झाली. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि तो खंदकही अपुराच राहिला. परंतु खेड्यापाड्यांनी सोसलेली लूट आणि जाळपोळ बंगाली अंगाईत 'बर्गी', म्हणजे मराठा घोडेस्वार, या नावाने आजही जिवंत आहे. भोसल्यांच्या पराक्रमाच्या कथा ऐकत वाढलेल्या नागपूरकराने ही दुसरी बाजू तिथे जाऊनच ऐकावी, असे मला मनापासून वाटते. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे, आणि बुजवलेल्या खंदकावरून गेलेल्या सर्क्युलर रोडला आता आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत.