रात्री दार हातांनी धरून उभं राहिलो, त्यानंतर घरात केलेली सेफ रूम : माझा अनुभव

बडोद्यात कारेलीबागेत आमचं जुनं टेनामेंट म्हणजे बैठं दुमजली घर आहे, खाली दोन खोल्या वर दोन, सासऱ्यांनी 1979 साली बांधलेलं. घरात सासूबाई म्हणजे आई, वय 78, मी आणि सातवीतली लेक. मिस्टर भरूचजवळच्या दहेज गावी प्लांटमध्ये आहेत, शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे महिन्यातल्या दहा-बारा रात्री आम्ही तिघीच असतो. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं यावरूनच ठरत गेलं.

डिसेंबर 2024, रात्री पावणेतीन. खालून लोखंड वाकल्यासारखा कर्रर आवाज आला, थांबला, परत आला. लेक आणि मी वर, आई खालच्या खोलीत. मला अजून आठवतं की जिन्यावर उभं राहून मी दोन सेकंद विचार केला, लेकीला घेऊन वरच दार लावून बसू की खाली आईंकडे जाऊ, आणि मग लेकीचा हात धरून खालीच पळाले. आईंच्या खोलीत शिरलो, दार लावलं, कडी घातली आणि तिघी दाराला हात लावून उभ्या राहिलो. बाहेर हॉलमध्ये कोणीतरी चालत होतं. एकदा दार ढकललं पण उघडलं नाही. तेवढ्यात शेजारच्या काकांनी लाइट लावून आरडाओरडा केला म्हणून तो पळाला, माझी पर्स आणि मोबाइल तेवढा गेला. मोबाइल गेला म्हणजे तो हॉलमध्ये चार्जिंगला होता आणि आम्ही आत, म्हणजे फोन करायचं काहीच साधन नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

सकाळी ती कडी बघितली. चार इंची टॉवर बोल्ट, आणि चौकटीवरचा त्याचा कान, म्हणजे बोल्ट ज्यात अडकतो तो तुकडा, हाताने ओढला तर निघूनच आला. चार स्क्रू माझ्या तळहातावर पडले, एकेक अर्ध्या इंचाचा, भुईमुगाच्या दाण्याएवढा, त्यांच्या आट्यांमध्ये लाकूड नव्हतंच, नुसता ऑइलपेंटचा भुगा होता. इतकी वर्षं आम्ही त्या दाराला कडी लावून निश्चिंत झोपत होतो.

पोलीस आले, पंचनामा झाला, ते त्यांच्या पद्धतीने झालं. मी मात्र त्याच आठवड्यात ठरवलं की घरात एक खोली अशी पाहिजे जिथे आम्ही तिघी आत जाऊन दार लावलं की मदत येईपर्यंत ते टिकेल. तिजोरी नको, बंकर नको, फक्त वेळ पाहिजे, पंधरा-वीस मिनिटं.

आधी एका सिक्युरिटीवाल्यांना बोलावलं. माणूस आला, टॅबवर फोटो दाखवले, स्टीलचं दार, फिंगरप्रिंट लॉक, आणि अडीच लाखांचं कोटेशन दिलं. आमच्या दाराची चौकट त्याने हात लावूनसुद्धा बघितली नाही. नंतर आमच्या ओळखीचे मिस्त्री आले, गुजराती, आईंचं माहेरचं कपाट त्यांच्या वडिलांनी केलेलं. त्यांनी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या चौकटीत खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवून दाबला आणि तो सरळ इंचभर आत गेला, बिस्किटात जावा तसा. बाजूला बाथरूम आहे, कित्येक वर्षांची ओल. म्हणाले, "बेन, ताळुं तो सारुं छे, पण बारसाख पोली छे." कुलूप चांगलं आहे पण चौकटच पोकळ. मला वाटतं या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. लाथ मारली की कुलूप क्वचितच तुटतं, तुटते ती चौकट, जिथे कडीचा कान बसवलेला असतो तिथे ती फाटते. आपण मात्र सगळे पैसे कुलुपावर घालतो.

खोली कुठली हा प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. आईंना जिना नको म्हणून खालची मागची खोली करावी असं आधी वाटलं, पण ऑगस्ट 2024 चा विश्वामित्रीचा पूर विसरता येत नाही. नदी 35 फुटांच्या वर गेली होती, आमच्या खालच्या मजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं, शहरात मगरी वस्तीत आल्या होत्या, ते दिवस आम्ही वरच काढले. म्हणजे बडोद्यात सुरक्षित खोली करायची आणि ती तळमजल्यावर, हे मनाला पटेना. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीला तीन बाजूंनी नऊ इंची भिंत आहे, फक्त दाराची भिंत साडेचार इंची, आणि खिडकी पोर्चच्या स्लॅबवर उघडते. तीच ठरवली. मग रविवारी दुपारी आईंना खालच्या पलंगापासून वरच्या खोलीपर्यंत चालवत नेऊन घड्याळ लावलं. तीन मिनिटं दहा सेकंद. दिवसा, उजेडात, न घाबरता. मी काही बोलले नाही, आईच म्हणाल्या, "तेवढ्यात तो चहा करून पिऊन जाईल. माझा पलंगच वर न्या." त्यांना खालची देवघराजवळची खोली सोडणं जड गेलं हे मला माहीत आहे. जिन्याला दोन्ही बाजूंनी रेलिंग लावून घेतलं, आता सकाळी एकदा उतरतात आणि रात्री एकदा चढतात. म्हणजे सेफ रूम हीच आईंची झोपायची खोली झाली, धावायचं असेल तर आम्ही दोघी धावू, त्यांनी नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर मी हेच करायला सांगेन, खोली त्यांच्याकडे न्या, त्यांना खोलीकडे नेऊ नका.

आता दार. बाहेर उघडणारं दार लाथेला चांगलं, कारण ते चौकटीच्या खाचेवर दाबलं जातं, पण मग बिजागऱ्या बाहेर येतात आणि आमचं जिन्याचं लँडिंग इतकं अरुंद आहे की दार बाहेर उघडलं तर आईंना वॉकर घेऊन उभं राहायला जागाच नाही. म्हणून आत उघडणारंच ठेवलं आणि सगळा जोर चौकटीवर दिला. जुनी चौकट पूर्ण काढली, नवी सागाची बसवली, प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) सिमेंटमध्ये, शिवाय लाकडातून विटेपर्यंत लांब अँकर फास्टनर, म्हणजे विटेत फुगून बसणारे बोल्ट. पाणीगेटकडच्या एका फॅब्रिकेटरकडून सहा फुटी लोखंडी पट्टी करून घेतली, पाच एमएम जाडीची, आठ ठिकाणी भोकं, रेड ऑक्साइड मारून, ती कडीच्या बाजूच्या चौकटीत वरपासून खालपर्यंत बसवली म्हणजे लाथेचा धक्का एका जागी न बसता पूर्ण उंचीवर वाटला जातो. दार सॉलिड कोअरचं फ्लश डोअर, 35 एमएम, पोकळ नाही. बिजागऱ्या चार, आणि सगळीकडे तीन इंची स्क्रू. मिस्त्री प्रत्येक स्क्रूला साबण लावून फिरवत होते आणि मी शेजारी उभी राहून मोजत होते, कारण मागचे चार माझ्या डोळ्यांसमोरून गेले नव्हते.

एक चूक झाली ती सांगते. आतून किल्लीशिवाय बंद होणारं मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत बसणारं कुलूप) बसवलं, छोटी गोल चकती फिरवायची. मला एकदम सोपं, आईंना फिरवताच येईना, संधिवाताने बोटं वाकलीत, चकती निसटत होती. तीन वेळा प्रयत्न करून त्या गप्प बसल्या, ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्यांच्या कमरेच्या उंचीला जाड ऑल्ड्रॉप लावला, मोठ्या दांड्याचा, जो पूर्ण मुठीने किंवा तळहाताने सरकतो. लॉक आहेच, पण पहिला तो. दाराला पीपहोल दोन, एक माझ्या उंचीला आणि एक आईंच्या.

इलेक्ट्रिशियनने एका गोष्टीला ठाम नाही म्हटलं आणि बरं झालं. वायरिंग तिथूनच जातं म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी त्याच खोलीत ठेवू असं आमचं चाललं होतं. ती पाण्याची बॅटरी, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद खोलीत माणसांबरोबर ठेवायची वस्तू नाही. ती जिन्याखालीच राहिली, खोलीत फक्त चार्जिंगचा दिवा आणि पॉवर बँक. राउटरला मात्र छोटा मिनी यूपीएस लावला, कारण मीटर आणि मेन स्विच बाहेर ओट्यावर आहे, कोणी ते पाडलं तर वायफाय बंद, आणि कोपऱ्यातल्या खोलीत दार लावल्यावर मोबाइलची रेंज एकच दांडी येते. हे दार लावून, आत बसून, खरंच फोन करून बघा, बाहेर रेंज आहे म्हणजे आत आहेच असं नाही. खोलीत एक जुना बटणांचा फोन कायम चार्जरला लावून ठेवलाय, सिम चालू, त्यात 5 किंवा 9 दाबून धरलं की 112 या आणीबाणीच्या नंबरला कॉल जातो. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा, काही फोनवर पाचदा, दाबायचं. 112 आणि महिलांसाठीची गुजरातची हेल्पलाइन 181 अभयम हे दोन्ही आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली आमचा पूर्ण पत्ता, कारण घाबरल्यावर स्वतःच्या सोसायटीचं नावसुद्धा तोंडात येत नाही हे मी अनुभवलंय.

खिडकीचं ग्रिल बदलायचं होतंच, 12 एमएमचे चौकोनी गज. पण ते बघताना मिस्टर म्हणाले की खाली आग लागली तर? आपण स्वतःलाच कोंडून घेतोय. सुरतला मे 2019 मध्ये क्लासला लागलेल्या आगीत 22 मुलं गेली, ते व्हिडिओ गुजरातमध्ये कोणी विसरलं नसेल, आमच्या लेकीने तर तेव्हा क्लासला जायचंच सोडलं होतं. म्हणून ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा केला, आतून कडी, बाहेरून हात घालून पोचणार नाही अशा जागी, आणि तो पोर्चच्या स्लॅबवर उघडतो. लेकीने स्वतः उघडून, बाहेर उतरून, परत आत येऊन दाखवेपर्यंत मी फॅब्रिकेटरचे शेवटचे पैसे दिले नाहीत. पलंगाखाली एक पहार ठेवलीय. 2001 च्या भूकंपाचे हादरे आपल्याकडेही चांगलेच बसले होते, चौकट वाकली आणि दार अडकलं तर आतूनच काहीतरी हवं. बाकी पाणी, आईंच्या बीपीच्या गोळ्यांची एक जास्तीची पट्टी, झाकणाची बादली. दाराखाली अर्ध्या इंचाची फट मुद्दाम ठेवलीय, हवेसाठी.

नवरात्रात एक गोष्ट लक्षात आली. शिट्टी आणि सायरन आणून ठेवला होता, पण सोसायटीच्या गरब्याचा स्पीकर चालू असताना लेकीने गच्चीत शिट्टी वाजवून बघितली तर समोरच्या घरातसुद्धा ऐकू गेली नाही. म्हणून आता शेजारच्या काकांच्या घरी आमच्या वायरलेस बेलचा एक रिसीव्हर लावलाय, दिवाही चमकतो त्याचा. आईंच्या उशाशी बटण, ते दाबलं की आमच्या खोलीत आणि काकांकडे एकदमच वाजते.

सगळा खर्च 47 हजार आला, निम्म्याहून जास्त चौकट, दार आणि लोखंडकामाचा.

गेल्या महिन्यात पहाटे चारला ती बेल वाजली. मी लेकीला उठवून कोपऱ्यातल्या खोलीत, आईंनी ऑल्ड्रॉप सरकवला, घड्याळ नंतर बघितलं तर चाळीस सेकंदही लागले नव्हते. खाली भांड्याचा आवाज. मग जिन्यावर पावलं, आणि दारावर टकटक, "अगं मी आहे." मिस्टर. शिफ्ट अचानक बदलली होती, फोनची बॅटरी संपलेली, आम्हाला उठवायला नको म्हणून स्वतःच पाणी घेत होते. मी हात कडीवर नेला तर आईंनी माझं मनगट धरलं आणि आतून विचारलं, "शब्द सांग." आम्ही एक शब्द ठरवलाय, बाहेर कोणी गळ्याला सुरी लावून बोलायला लावलं तर तो सांगायचा नाही, असा. मुलगा आहे हे आवाजावरून कळत होतं तरी त्या थांबल्या. मिस्टरांनी शब्द सांगितला, मग आईंनी तळहाताने दांडा सरकवला. तोपर्यंत काका काठी घेऊन आमच्या फाटकात उभे होते.

चहा झाल्यावर मिस्टर परत वर गेले, आम्हाला आत बसवलं, बाहेरून खांदा लावून तीनदा जोरात धक्के दिले. दाराच्या वरच्या कोपऱ्यातला थोडा प्लास्टर पडला, चौकट हलली नाही. तिथे मिस्त्री रविवारी येऊन गिलावा करून देणार आहेत.